खोलीचा घुमारा आणि फिल्टरची हद्द

सोळा फूट लांब, दहा फूट रुंद आणि छत साडेनऊ फुटांवर. पुण्या-मुंबईतल्या असंख्य फ्लॅटचा हॉल थोड्याफार फरकाने याच मापाचा असतो. राहायला त्यात काही गैरसोय नाही, पण संगीत ऐकणाऱ्याला ही मापे चांगलीच नडतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी मावली, की ती वारंवारता खोलीत अडकते आणि घुमत राहते; हा खोलीचा स्थिर तरंग. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर सोळा फुटांच्या लांबीला ही वारंवारता ३५ हर्ट्झ येते, दहा फुटांच्या रुंदीला ५६ आणि साडेनऊ फुटांच्या उंचीला ५९. शेवटच्या दोन जवळजवळ एकमेकींवर पडतात आणि ५७ हर्ट्झच्या आसपास आवाजाला मोठा फुगवटा येतो. लांबीचा दुसरा स्थिर तरंग ७० हर्ट्झवर असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला मिळवलेली असते. म्हणजे या हॉलने त्या गायकाच्या खर्जाशी स्वतःच सूर जुळवून ठेवला आहे, आणि तोही न सांगता.

ज्या स्पीकरचा आलेख कारखान्यातल्या प्रतिध्वनीरहित कक्षात दोन डेसिबलच्या आत सपाट येतो, तोच या हॉलमध्ये आणून सोफ्यावरून मोजला, तर २०० हर्ट्झच्या खाली दहा-पंधरा डेसिबलचे चढउतार दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. दहा डेसिबलची वाढ कानाला ढोबळमानाने दुप्पट आवाज वाटते. खर्जात तर त्याहून कमी वाढही तितकीच जाणवते. महागड्या स्पीकरचीही यातून सुटका नाही. उलट जो स्पीकर जितका खाली उतरू शकतो, तितके खोलीचे जास्त तरंग तो जागे करतो.

आपल्याकडची बांधणी यात भर घालते. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या आणि जिप्सम बोर्डाच्या भिंती खालच्या स्वरांना थोड्या हलतात, थोडी ऊर्जा शोषतात, थोडी बाहेर सोडतात. आरसीसी आणि विटांच्या भिंती हलत नाहीत. खर्ज आत कोंडतो, उशिरा विझतो आणि आलेखावरची शिखरे अधिक उंच व अरुंद होतात. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आणि समोर काचेचा सरकता दरवाजा असला, की वरच्या स्वरांचाही खडखडाट सुरू होतो. परदेशी नियतकालिकांतले खोलीविषयीचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, त्याचे कारण हे.

खोलीचा हा दोष विद्युत फिल्टरने काढण्याची कल्पना घरात जन्मलेली नाही. टेक्सासमधले सी. पी. बोनर १९६०च्या दशकात सभागृहांच्या ध्वनिक्षेपण यंत्रणेत अतिशय अरुंद फिल्टर बसवून माइकची शिट्टी आटोक्यात आणत होते. १९६७मध्ये अल्टेक लान्सिंगच्या डॉन डेव्हिस यांनी ‘अकूस्टा-व्हॉइसिंग’ नावाने ही पद्धत व्यवसायात आणली. घरात आले ते तिचे सोपे रूप, म्हणजे पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर. १९८०च्या दशकातल्या कॅसेट डेकवर मधल्या पट्ट्या खाली आणि कडेच्या वर केलेले ते इक्वलायझर अनेकांना आठवत असतील. खोलीच्या कामाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य होता. ६३ हर्ट्झची पट्टी खाली ओढली, तर तिच्यासोबत आजूबाजूचे जवळजवळ सगळे सप्तक खाली येते. खोलीचे शिखर मात्र पाच-सात हर्ट्झ रुंद असते आणि ते ५७वर बसलेले असते. शिवाय ते तिथे आहे हे मोजून सांगणारे साधन घरात नव्हतेच. कान जवळ होता, पण ‘खर्ज जरा जास्त वाटतोय’ यापलीकडे कान फारसे सांगत नाही.

मोजण्याचा प्रश्न पुढे सुटला. इटलीतले आंजेलो फारिना यांनी २०००मध्ये लॉगरिदमिक स्वीपची पद्धत मांडली. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सरकत जाणारा एकच स्वर वाजवायचा, तो माइकने टिपायचा आणि गणिताने त्यातून खोलीचा प्रतिसाद वेगळा काढायचा. जॉन मल्काही यांचे ‘रूम ईक्यू विझार्ड’, म्हणजे आरईडब्ल्यू, हे मोफत सॉफ्टवेअर याच पद्धतीने काम करते. सोबत प्रत्येक नगाची वेगळी कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक घेतला, की लॅपटॉपवर खोलीचे चित्र उभे राहते. स्वयंचलित पद्धतीही याच सुमारास बाजारात आल्या. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१मध्ये डिराक काढली, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून २००२मध्ये ऑडिसी निघाली, पॅरिसमध्ये ट्रिनोव्ह उभी राहिली.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही स्पीकरला लागू आहे. अॅक्टिव्ह स्पीकरांनी तिला वेगळे वळण दिले.

नेहमीच्या स्पीकरमध्ये एक ॲम्प्लिफायर संपूर्ण सिग्नल मोठा करून पेटीत पाठवतो आणि पेटीतला कॉइल-कपॅसिटरचा क्रॉसओव्हर तो वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटतो. अॅक्टिव्ह स्पीकरमध्ये वाटणी आधी होते, अगदी क्षीण सिग्नलवर, आणि मग प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा ॲम्प्लिफायर मिळतो. रेडिओ केंद्रे आणि स्टुडिओ या मार्गाने फार पूर्वी गेले. फिनलंडच्या सरकारी नभोवाणीला, यलेला, नव्या इमारतीसाठी मॉनिटर हवे होते. त्यातून इल्पो मार्तिकाइनेन आणि टोपी पार्तानेन यांनी १९७८मध्ये इसाल्मी गावात जेनेलेक कंपनी काढली. त्यांचा पहिला स्पीकर एस-३० हा अॅक्टिव्हच होता. घरगुती हायफायवाल्यांनी मात्र पुढची कित्येक वर्षे या प्रकाराकडे संशयाने पाहिले. ॲम्प्लिफायर बदलण्याची, तारा बदलण्याची मौज त्यात नव्हती, हे त्याचे एक कारण. दुकानदारालाही ती मौज प्रिय होती.

क्रॉसओव्हर डिजिटल झाला, तेव्हा चित्र पालटले. स्पीकरच्या आत डिजिटल सिग्नल प्रक्रियेची (डीएसपी) चिप आली, की क्रॉसओव्हरसोबत खोलीसाठीचे आणखी काही फिल्टर तिथेच लिहिता येतात. वेगळा डबा नको, सिग्नलचे आणखी एकदा रूपांतर नको. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपला वूफर किती हलू शकतो, ॲम्प्लिफायर कुठे दमतो आणि आवाजाला लगाम घालणारा लिमिटर कधी लागतो हे त्या स्पीकरच्या निर्मात्याला नेमके ठाऊक असते. बाहेरून बसवलेल्या फिल्टरला यातले काहीच माहीत नसते. बँग अँड ओलुफसेनच्या २००३च्या बिओलॅब ५ मध्ये पेटीच्या तळातून एक माइक बाहेर सरकून स्वतःच मोजमाप करायचा आणि खर्ज आवरायचा. जेनेलेकने २००६मध्ये डीएसपी असलेली मालिका आणि तिच्यासोबत जीएलएम हे मोजणी-सॉफ्टवेअर आणले. न्यूमनने केएच ८० डीएसपी या स्पीकरनंतर आपला एमए १ हा मोजणीचा माइक काढला. आज घरगुती अॅक्टिव्ह स्पीकर विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या जाहिरातीत ‘खोलीची दुरुस्ती’ हे शब्द असतात.

याच शब्दांपाशी अडते. फिल्टर खोली दुरुस्त करत नाही. भिंत होती तिथेच राहते, टाइल्सही. स्पीकरला दिला जाणारा सिग्नल तेवढा बदलतो. काही दोषांवर हा उपाय उत्तम चालतो, काहींवर मुळीच नाही, आणि काही ठिकाणी तो असलेले चांगले बिघडवतो. सगळा वाद या तीन प्रदेशांच्या सीमांचा आहे.

पहिली सीमा मानफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखली जाते. ग्योटिंगेन विद्यापीठात असताना १९५४मध्ये त्यांनी दाखवले, की एका ठरावीक वारंवारतेच्या वर खोलीचे तरंग इतके दाटीवाटीने येतात की त्यांना सुटे मोजण्यात अर्थ राहत नाही. या वारंवारतेचे प्रचलित सूत्र सोपे आहे. खोली विझायला लागणाऱ्या वेळेला घनफळाने भागायचे, वर्गमूळ काढायचे आणि दोन हजारांनी गुणायचे. आपल्या सोळा बाय दहाच्या हॉलचे घनफळ ४३ घनमीटर आहे आणि विझण्याचा वेळ ०.६ सेकंद धरला, तर उत्तर सुमारे २३५ हर्ट्झ येते. याच्या खाली खोली राज्य करते, स्पीकर कोणताही असो. वर हळूहळू स्पीकरचे राज्य सुरू होते. मोठ्या सभागृहात ही सीमा वीस-तीस हर्ट्झपर्यंत उतरते, म्हणून तिथे हा प्रश्न जवळपास नसतोच. लहान खोली हीच अवघड खोली.

सीमेच्या खाली फिल्टरची बाजू भक्कम आहे. तिथली शिखरे गणिताच्या भाषेत बहुतांशी ‘मिनिमम फेज’ असतात. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की ५७ हर्ट्झच्या शिखरावर बरोबर तितक्याच उंचीचा आणि रुंदीचा उलटा फिल्टर बसवला, तर आवाजाची पातळी तर उतरतेच, शिवाय श्रोत्याच्या जागी त्या स्वराचे रेंगाळणेही कमी होते. एका साध्या फिल्टरने दोन्ही कामे होतात. डग्ग्याचा घुमारा आणि खोलीचा घुमारा यांतला फरक तेव्हा कळतो. तबलजीने मनगट दाबून काढलेली मींड आधी एका जागी येऊन फुगायची आणि मग पुसट व्हायची, ती सलग ऐकू येते. तानपुऱ्याच्या बाबतीत गंमत अशी, की खर्जाच्या तारेत मूळ स्वराचा अंश तसा कमीच असतो. जवारीमुळे फुललेले वरचे अंशस्वर हेच त्या वाद्याचे वैभव. खोली नेमका तो झाकलेला तळ उचलून पुढे आणते आणि जवारीवर गुंगुं असा पडदा पडतो. ७० हर्ट्झवर पाच-सहा डेसिबल कापले, की पडदा सरकतो.

इथे ध्वनिशोषक पॅनेलचे समर्थक म्हणतात, की फिल्टर कशाला, भिंतीच सुधारा. तत्त्वाने ते बरोबर आहेत. पण ५७ हर्ट्झची तरंगलांबी सहा मीटर आहे आणि सच्छिद्र शोषकाला नीट काम करायला तिच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासची जाडी लागते. दीड मीटर जाडीची रॉकवूलची भिंत दहा फूट रुंद हॉलमध्ये कोण उभारणार? स्वित्झर्लंडच्या पीएसआय ऑडिओचा एव्हीएए हा विजेवर चालणारा शोषक १५ ते १५० हर्ट्झमध्ये काम करतो आणि कोपऱ्यात मावतो, पण तो स्वस्त नाही. बाजारात मिळणारे दोन इंची फोमचे तुकडे खर्जाला स्पर्शही करत नाहीत. ते फक्त वरचे स्वर गिळतात, आणि मग उरलेला खर्ज पूर्वीपेक्षा जास्त वाटू लागतो. जाड पडद्यांचेही तसेच.

दऱ्यांची गोष्ट शिखरांपेक्षा निराळी आहे. स्पीकर मागच्या भिंतीपासून साठ सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवर आपटून परतणारा ध्वनी सुमारे १४३ हर्ट्झला मूळ ध्वनीच्या बरोबर उलटा येतो आणि दोघे एकमेकांना खातात. अंतर एक मीटर केले की हा खड्डा ८६ हर्ट्झवर सरकतो. अमेरिकन स्पीकर-रचनाकार रॉय ॲलिसन यांनी १९७४मध्ये भिंतींच्या या परिणामाचे सविस्तर विवेचन केले होते. असा खड्डा फिल्टरने भरायला जावे, तर स्पीकरने जास्त आवाज काढताच परावर्तित आवाजही तितकाच वाढतो आणि पुन्हा वजाबाकी होते. हाती काही लागत नाही, ताण मात्र खरा असतो. सहा डेसिबल वाढवायचे तर ॲम्प्लिफायरने चौपट शक्ती द्यायची आणि वूफरच्या पडद्याने दुप्पट हलायचे. दहा डेसिबलला शक्ती दहापट होते. पाच इंची वूफरच्या अॅक्टिव्ह स्पीकरमध्ये अशा वेळी लिमिटर लागतो, आणि तो लागला की केवळ त्या स्वरापुरता लागत नाही. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सगळा खर्ज दबतो. म्हणून जाणती सॉफ्टवेअर अरुंद दऱ्यांच्या वाटेला जात नाहीत. आरईडब्ल्यूमध्येही वाढीची मर्यादा शून्यावर ठेवता येते, आणि नवख्याने ती तिथेच ठेवलेली बरी.

दरीवर उपाय आहे तो जागेचा. स्पीकर भिंतीला अगदी टेकवला, की खड्डा वर सरकतो आणि त्याचा जोर ओसरतो. भिंतीमुळे जो खर्ज वाढतो तो फिल्टरने सहज कापता येतो. हायफायच्या जुन्या शिकवणुकीत स्पीकर भिंतीपासून जितका दूर तितका उत्तम मानला जाई. फिल्टर असलेल्या अॅक्टिव्ह स्पीकरच्या बाबतीत ती शिकवण निदान लहान खोलीत तरी उलटी करावी लागते. जेनेलेकच्या स्वतःच्या सूचना मॉनिटर भिंतीपासून साठ सेंटिमीटरच्या आत ठेवायला आणि एक ते दोन मीटरचा पट्टा टाळायला सांगतात. मुंबईच्या हॉलमध्ये ही सूचना आणि घरच्यांची इच्छा यांचे सहसा एकमत होते, हा त्यातला वरकड फायदा.

हाच धागा पुढे नेणारे स्पीकर गेल्या दशकात आले. ब्रूनो पुटझेस यांच्या की थ्री मध्ये बाजूचे आणि मागचे ड्रायव्हर डीएसपीच्या हिशेबाने असे चालवले जातात, की मागे जाणारा खर्ज रद्द होतो. नेदरलँड्सच्या डच अँड डच ८सी मध्ये मधल्या स्वरांसाठी हे काम पेटीच्या कुशीतल्या फटी करतात आणि खालच्या खर्जासाठी मागच्या बाजूचे दोन वूफर भिंतीलाच कामाला लावतात. मागे आवाज गेलाच नाही, तर भिंतीवरून तो परतणार कसा? इथे दोष निस्तरण्यापेक्षा तो होऊच न देण्याकडे कल आहे, आणि अॅक्टिव्ह रचनेशिवाय हे इतक्या नेमकेपणाने जमले नसते. ८सी ला आरईडब्ल्यूमधून काढलेले फिल्टर थेट पाठवता येतात, ही सोय लहान असली तरी कामाची आहे.

आता सीमेच्या वरचा प्रदेश, जिथे जाहिराती सर्वांत मोठ्याने बोलतात आणि पुरावा सर्वांत पातळ आहे. २५०-३०० हर्ट्झच्या वर माइक आणि कान यांचे फाटते. माइकला थेट आवाज आणि भिंतीवरून आलेला आवाज यांत फरक कळत नाही. तो बेरीज करतो. कान फरक करतो. हेल्मुट हास यांनी ग्योटिंगेनमध्येच १९४९मध्ये दाखवले होते, की काही मिलिसेकंद उशिरा आलेले परावर्तन कानाला वेगळा आवाज म्हणून ऐकू येत नाही, दिशा पहिल्या आवाजाचीच राहते. त्यामुळे सोफ्यावर मोजलेल्या आलेखात ३ किलोहर्ट्झला दिसणारी दरी प्रत्यक्षात ऐकू येतेच असे नाही. माइक दहा सेंटिमीटर सरकवला तर ती नाहीशी होते आणि दुसरीकडे उगवते. अशी दरी फिल्टरने भरली, तर ऐकू न येणारा दोष निघतो आणि थेट आवाजात ऐकू येणारा एक नवा दोष बसतो.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हर्मन या ध्वनियंत्रांच्या कंपनीत आयुष्य घालवलेल्या फ्लॉइड टूल यांचे म्हणणे वर्षानुवर्षे हेच आहे: वरच्या पट्ट्यात दुरुस्त करायचीच तर स्पीकरची करा, आणि तीही प्रतिध्वनीरहित मोजमापांवरून, खोलीतल्या आलेखावरून नाही. चांगल्या अॅक्टिव्ह स्पीकरच्या निर्मात्याने ते काम कारखान्यात आधीच केलेले असते. हर्मनमधलेच शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये खोली-दुरुस्तीच्या निरनिराळ्या पद्धती प्रशिक्षित श्रोत्यांना नाव न सांगता ऐकवल्या. काही पद्धतींना उत्तम गुण मिळाले. पण काहीतरी दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती न करण्यापेक्षा बरीच, हा समज त्या चाचणीत टिकला नाही. तळाला गेलेली पद्धत दुरुस्तीविना आवाजाच्याही खाली होती. चाचणीत हर्मनच्या स्वतःच्या पद्धतीही होत्या, हे लक्षात ठेवून निष्कर्ष वाचायला हवा. तरीही त्याचा एक भाग इतरत्रही पटतो. श्रोत्यांना सपाट आलेख आवडला नाही. खर्जाकडून तार स्वरांकडे हळूहळू उतरत जाणारी रेषा आवडली.

या उतरत्या रेषेवरून मोठा गोंधळ होतो. सॉफ्टवेअर ‘टार्गेट कर्व्ह’ विचारते आणि वापरणारा कुणीतरी सुचवलेला वक्र त्यात घालतो. वास्तविक ती रेषा परिणाम आहे. थेट आवाज सपाट असलेला स्पीकर वरचे स्वर समोर एकवटतो आणि खालचे चहूकडे पसरवतो, त्यामुळे खोलीत मोजल्यावर उतार आपोआप दिसतो. तो किती असेल हे त्या स्पीकरच्या पसरणीवर आणि खोलीच्या सामानावर ठरते. सगळ्या घरांसाठी एकच वक्र शोधणे त्यामुळे निष्फळ आहे. ज्यांना वरच्या टोकाला फेरफार करायचाच आहे, त्यांनी रुंद आणि हलका, एक-दोन डेसिबलचा उतार किंवा चढ द्यावा. तो आवडीचा भाग झाला, आणि आवडीला मोजमापाचा शिक्का लागत नाही.

टाइल्सच्या हॉलमध्ये टाळी वाजवल्यावर येणारी ती झणझण? तिच्यावर कोणताही फिल्टर चालत नाही. गालिचा, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि कापडी सोफा चालतात.

फिल्टरच्या जातीवरूनही बरीच भांडणे होतात, त्यांना फार वेळ देण्याची गरज नाही. आयआयआर फिल्टर हलके असतात, उशीर लावत नाहीत आणि खर्जाच्या शिखरांना पुरेसे ठरतात. एफआयआर फिल्टर फेज वेगळा हाताळू शकतात, पण खर्जात बारकावा हवा असेल तर ते लांब करावे लागतात. ४८ किलोहर्ट्झला ६५,५३६ टप्प्यांचा लिनिअर फेज फिल्टर आवाजाला जवळजवळ पाऊण सेकंद उशीर करतो. रेकॉर्ड ऐकताना याने बिघडत नाही. टीव्हीला जोडल्यावर मात्र निवेदकाचे ओठ मिटल्यानंतर शब्द येतात, आणि सगळ्या घराचे एकमत होऊन यंत्रणा बंद केली जाते. शिवाय अशा फिल्टरची मात्रा चुकली, तर ठोक्याच्या आधीच त्याची हलकी चाहूल ऐकू येते. खऱ्या जगात तसे काही नसते, म्हणून कान ते चटकन पकडतो.

प्रत्यक्ष मोजताना माइक एकाच बिंदूवर ठेवून काढलेला आलेख दिशाभूल करतो. डोके जिथे जिथे हलते त्या हातभर जागेत पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी घेतली, किंवा गुलाबी नॉइज वाजवत माइक त्या जागेत सावकाश फिरवला, तर विश्वासार्ह चित्र मिळते. डावा-उजवा स्पीकर वेगवेगळा मोजावा. पंखा आणि एसी बंद हवा. रस्त्यावरच्या वाहतुकीची घरघर ४०-५० हर्ट्झमध्येच असते, म्हणून रात्र बरी. फोनच्या माइकवर चालणारी ॲप सोयीची आहेत. सोनोसने २०१५मध्ये ट्रूप्ले आणले तेव्हा ते ॲपलच्या उपकरणांपुरते ठेवले होते, कारण त्यांच्या माइकांचा स्वभाव माहीत होता. अँड्रॉइडच्या शेकडो फोनांचा नव्हता. अनेक फोन तर मुळात खर्ज कापूनच टिपतात. ज्या पट्ट्यात दुरुस्तीची सर्वांत जास्त गरज, नेमका तिथेच असा माइक अधू असतो.

अॅक्टिव्ह स्पीकरांतच होणारी एक चूक आहे. स्पीकरच्या पाठीवर छोट्या खटक्यांची रांग असते: खर्ज कमी, कोपऱ्यासाठी, टेबलासाठी. जेनेलेकच्या लहान मॉनिटरांवर टेबलाचा खटका १६० हर्ट्झला चार डेसिबल कापतो. कुणीतरी तो खाली ढकललेला असतो, स्ट्रीमरमधली दुरुस्ती चालू असते, स्पीकरच्या ॲपमधलीही चालू असते. तीन शहाणे एकाच सिग्नलवर काम करतात आणि एकाने कापलेले दुसरा भरतो. मोजण्याआधी सगळे खटके आणि सगळे फिल्टर शून्यावर आणणे आणि मग दुरुस्ती एकाच ठिकाणी ठेवणे, एवढी शिस्त पाळली तर निम्म्या तक्रारी उगवत नाहीत. उरलेल्यांतली मोठी तक्रार म्हणजे ‘फिल्टर लावला आणि बास गेला’. खोलीने फुगवलेल्या खर्जाची सवय झालेली असते, आणि कापल्यावर एकूण आवाजही थोडा उतरतो. दोन्ही स्थिती समान पातळीवर आणून तुलना केली नाही, तर मोठा आवाज नेहमी जिंकतो.

कोणते संगीत लावून तपासावे, यालाही महत्त्व आहे. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची जुनी गायकी या कामाची नाही. त्यांवर १०० हर्ट्झच्या खाली खरखरीशिवाय थोडेच असते आणि फिल्टर नुसते बसून राहतात. ‘सैराट’ची गाणी चांगली परीक्षा घेतात. अजय-अतुल यांनी त्यांतला वाद्यवृंद हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला, त्यामुळे तंतुवाद्यांमागे मोठ्या जागेची हवा आहे, आणि त्याच चित्रपटातले ‘झिंगाट’ दहा फुटी हॉलची सगळी शिखरे एका दमात जागी करते. लांबलेल्या विलंबित ख्यालात तानपुरा आणि डग्गा सतत एकाच ठिकाणी राहतात, म्हणून एखादा विशिष्ट स्वर फुगतो का हे तिथे सर्वांत आधी कळते. पाश्चात्त्य चाचणी-यादीतल्या गिटारी त्या मानाने कमी उपयोगी.

एका सोफ्यापुरते हे सगळे जमते. चार माणसे चार जागी बसली, की एकाचे शिखर दुसऱ्याची दरी असते आणि स्पीकरच्या जोडीला दिलेला कोणताही फिल्टर चौघांना न्याय देऊ शकत नाही. हर्मनच्याच टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये सबवूफरांची संख्या आणि जागा यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले, तर त्या दिशेचे विषम तरंग जागेच होत नाहीत आणि जागोजागीचा फरक कमी होतो. आपल्या हॉलमध्ये ३५ हर्ट्झचा लांबीचा तरंग असा गप्प करता येतो. ७० चा मात्र करता येत नाही, तो सम आहे. त्याच्यासाठी फिल्टर लागतोच.

डिराकची ‘अॅक्टिव्ह रूम ट्रीटमेंट’ २०२३मध्ये स्टॉर्मऑडिओच्या प्रोसेसरांत आली आणि पुढे डेनॉन-मारान्झच्या रिसीव्हरांपर्यंत पोचली. तिची चाल वेगळी आहे. एक स्पीकर वाजतो तेव्हा बाकीचे स्पीकर १५० हर्ट्झच्या खाली मोजून-मापून उलटा आवाज सोडतात आणि भिंतीवरून परतणारी ऊर्जा विझवतात. सिग्नल बदलण्यापलीकडे जाऊन खोलीच्या रेंगाळण्याला हात घालणारी ही पद्धत आहे, आणि ती एका खुर्चीपुरती राहत नाही. तिला खालपर्यंत जाणारे तीन-चार आवाजस्रोत लागतात. दोन लहान अॅक्टिव्ह स्पीकर आणि दोन सबवूफर असलेल्या घरात ती शक्य आहे. नुसत्या जोडीवर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. होम थिएटरवाल्यांच्या पेट्यांत ती आज आहे. दोन स्पीकरांवर गाणे ऐकणाऱ्यांसाठी, स्पीकरच्या आतल्या चिपमध्येच ती बसवलेला संच कुठली कंपनी सामान्य किमतीत आधी काढते, याकडे आता लक्ष आहे.